रानाचा सल्ला आणि गावाचे भवितव्य

रानाची राखण ज्यांच्याकडे सोपविलेली असते, त्यांना आज ना उद्या गावाविषयीही बोलावे लागते. कारण आपल्याकडे रान आणि गाव यांच्यामध्ये कुंपण नसते. गुरे रानात चरतात, चूल रानातल्या सरपणावर पेटते आणि टंचाईच्या दिवसांत मोहाची फुले पोटाला आधार देतात. म्हणून वनखाते सरकारला जो सल्ला देते, तो केवळ झाडांविषयीचा राहत नाही. कोणी कोठे राहावे आणि काय पेरावे, याचाही निवाडा त्यात होऊन जातो. जबलपूरच्या आग्नेयेकडील मैकल डोंगराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. त्याची राजधानी नागपूर होती; मंडला जिल्हा मात्र जबलपूरच्या कमिशनराच्या हाताखाली होता. १८६७ साली अलाहाबादकडून आगगाडी जबलपूरला पोहोचली आणि १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग तिला येथेच येऊन मिळाला. रुळांखाली घालण्यासाठी साल आणि सागाच्या लाकडाला मोठी मागणी आली. मौल्यवान रान नाहीसे होत आहे, ही त्या वेळच्या वनाधिकाऱ्यांची चिंता खरी होती. परंतु त्यांचा रोख ठेकेदारांइतकाच बैगांच्या कुऱ्हाडीवरही होता.

बैगा हे डोंगरात राहणारे आदिवासी. उतारावरचा रानाचा एक तुकडा तोडावयाचा, तो वाळला की जाळावयाचा आणि पावसाच्या तोंडावर राखेत कोदो-कुटकीचे बी फेकावयाचे. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे जावयाचे, अशी त्यांची शेती. तिला ‘बेवर’ म्हणतात. धरणी ही आई आहे, नांगराने तिची छाती फाडू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. मूठभर धान्यासाठी एवढे लाकूड जाळणे ही उधळपट्टी आहे, असा अधिकाऱ्यांचा हिशेब होता. लाकडाच्या मापाने तो चुकीचा नव्हता. पण ज्याच्याजवळ बैल नाहीत आणि ज्याची जमीन चढणीची आहे, त्याने काय खावे, हा रकाना त्या हिशेबात नव्हता. बेवरवर एकामागून एक निर्बंध आले. अखेरीस १८९० साली सुमारे चोवीस हजार एकरांचा एक टापू तोडून देण्यात आला आणि बेवर काय ती तेथेच करावी, असे ठरले. तोच ‘बैगाचक’.

योगायोग असा की, त्याच सुमारास डॉ. व्होल्कर नावाचे शेतीरसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात फिरत होते. शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो तो अडाणीपणाने नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून, हे त्यांनी ओळखले. गावाजवळ सरपणाची राने वाढविली तर शेण खत होऊन शेतात जाईल, असे त्यांनी १८९३ च्या अहवालात सुचविले. शेतकऱ्याची अडचण समजून घेतलेला हा सल्ला होता. १८९४ च्या वननीतीत शेतीच्या गरजांना जे स्थान मिळाले, त्यामागे हा अहवाल होता. १९५२ च्या नीतीने राष्ट्रहिताला गावाच्या गरजेपेक्षा वरचे स्थान दिले आणि देशाची एक-तृतीयांश भूमी वनाखाली असावी, असे उद्दिष्ट ठेवले. १९८८ च्या नीतीने पुन्हा रानाजवळच्या लोकांच्या गरजा अग्रभागी आणल्या.

बैगांविषयी पंडितांतही वाद झाला. वेरियर एल्विन यांनी १९३९ साली त्यांच्यासाठी राखीव प्रदेश असावा, अशी सूचना केली. मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली अशा अलगपणाला विरोध केला. दोघेही अभ्यासू, दोघेही कळकळीचे. पण निर्णय बैगांच्या वतीने दुसऱ्यांनीच करावयाचा, ही चाल मात्र तशीच राहिली.

याच परिसरातले कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे त्यातली गावे बाहेर हलविण्यात आली आणि सोडलेल्या शेतांवर कुरणे वाढली. १९७० साली अवघे ६६ उरलेले बारशिंगे आता शेकड्यांनी मोजले जातात. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु त्याची किंमत ज्या घरांनी दिली, त्यांचा उल्लेख यशाच्या वृत्तांतात एखाद्या ओळीपलीकडे क्वचितच जातो.

आज जबलपुरात १९६३ साली स्थापन झालेली राज्य वन संशोधन संस्था आहे. १९८८ पासून उष्णकटिबंधीय वनांच्या संशोधनाची केंद्रीय संस्थाही आहे. ज्ञानाची उणीव पूर्वीइतकी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेलाही हक्कांच्या निर्णयात स्थान दिले. त्याच कायद्याखाली २०१५-१६ च्या सुमारास बैगाचकातील सात गावांना अधिवासाचे हक्क मिळाले. बैगाचक आखल्यापासून या गोष्टीला सव्वाशे वर्षे लागली.

सरकारी कामकाजाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना यातून एक गोष्ट उमगावी. सल्लागार तज्ज्ञ असला पाहिजे, हे खरेच. पण त्याने कोणाला विचारले, हे टिपणाच्या पहिल्या पानावर आले पाहिजे. रानाचे मोजमाप बाहेरच्याला करता येईल. गावाची गरज मात्र गावालाच विचारावी लागते, आणि तीही निर्णय होण्यापूर्वी.