लाल मुनिया आणि दुहेरी जाळी

ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेला जॉन फ्रायर हा इंग्रज शल्यवैद्य १६७३ च्या अखेरीस मुंबईस उतरला, पुढे सुरतेच्या वखारीत राहिला आणि १६७५ मध्ये एका मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून घाट चढून जुन्नरासही जाऊन आला. १६९८ मध्ये लंडनला छापल्या गेलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात माणसे, मुलूख, रोगराई आणि बाजारपेठा यांच्या गर्दीतही एका बोटभर पक्ष्याला जागा मिळाली आहे. अहमदाबादेहून येणारे, अंगावर तांबडे-पांढरे बारीक ठिपके असलेले हे पक्षी एकेका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास असत, आणि त्यांतील मुख्य गवयाने सूर लावला की बाकीचे त्याला साथ देत, असे तो कौतुकाने नमूद करतो. हा पक्षी म्हणजे आपली लाल मुनिया. १७५८ मध्ये लिनियसने तिला फिंचांच्या गणात बसवले, आणि १७७७ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या शेरिडनच्या प्रसिद्ध नाटकात हिंदुस्थानात गेलेल्या चुलत्याकडून आलेल्या नजराण्यांत शाली आणि चहा यांच्या पंक्तीला हे पक्षीही आहेत.

पन्नास पक्ष्यांचे गाणे फ्रायरने ऐकले. परंतु त्या पन्नासांना जिवंत राखण्याची विद्या ज्यांच्यापाशी होती त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात शोधून सापडावयाची नाहीत. मुनिया हा जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा, उंच गवतात आणि लव्हाळ्यांत वावरणारा जीव. आकाशात शिक्र्याची आकृती दिसताच गवताच्या बुडाशी दडणे एवढाच त्याचा जन्मजात बंदोबस्त. पारध्याने आमिषाचा पक्षी शेजारी ठेवून जाळे पाडले आणि थवा पिंजऱ्यात आला, की तो बंदोबस्त संपतो. भय मात्र जसेच्या तसे उरते.

या भयाची क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. शिक्रा पिंजऱ्यावरून नुसता झेपावून गेला तरी सारा थवा एकाच क्षणी सरळ वर उसळतो, माथी गजांवर आदळतात, चोचीच्या मुळाशी कातडे फाटून रक्त येते, आणि एखादा पक्षी अंगावर ओरखडाही नसता मान मोडून तळाशी पडतो. जे वाचतात ते पिंजऱ्याच्या कडेला जाळी धरून लटकतात, आणि तेथेच दुसरा शत्रू त्यांना गाठतो: खाटीक पक्षी बाहेरून जाळीला चिकटतो व आकड्यासारख्या चोचीने जे हाती येईल ते ओढतो, कावळा पाय ओढतो, रात्री मांजराचा पंजा तेच काम करतो. सकाळी मुंडके नसलेला देह तळाशी सापडला, तर मारेकरी आत शिरलाच नव्हता हे जाणत्या पाळणाऱ्यास ताबडतोब कळते.

हिंदुस्थानातील जुन्या शौकिनांनी या दोन संकटांपैकी पहिले फार पूर्वी ओळखले होते. लावे आणि चंडोल पाळणारे पिंजऱ्याचे छत लाकडी किंवा तारेचे न करता ताणलेल्या कापडाचे करीत, जेणेकरून उसळणाऱ्या पक्ष्याचे डोके मऊ मांजरपाटावर आपटावे. वरून घातलेली खोळ तर सर्वत्र दिसे. मुंबईच्या कलाशाळेत १८६५ पासून दहा वर्षे शिकवणाऱ्या आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी शिल्पांचे काम करणाऱ्या लॉकवुड किपलिंगने १८९१ च्या आपल्या ग्रंथात हिंदी लोकांच्या पशुपक्ष्यांविषयी विस्ताराने लिहिले आहे. ज्या मंडईवर त्याची शिल्पे आहेत, त्याच मंडईत पुढे पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यांचा बाजार भरत राहिला.

दुसरे संकट वाढले ते तारेच्या जाळीने. १८४४ मध्ये नॉर्विच येथील चार्ल्स बर्नार्ड याने कापडाच्या मागाच्या धर्तीवर तारेची जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले, आणि मनुष्याला आत उभे राहता येईल अशी पक्षिगृहे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. बांबूच्या दाट कामट्यांचा पिंजरा अंधारा, पण पक्ष्याला झाकणारा होता. तारेने उजेड आणि वारा दिला, आणि त्याबरोबर पक्ष्याला चारी दिशांनी उघडे पाडले. त्यावर पाळणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे दुहेरी जाळी: चौकटीच्या आतून एक व बाहेरून एक, मध्ये चार बोटांचे अंतर, आणि दोन्ही इतक्या ताठ की झोळ पडून एकमेकींस टेकू नयेत, कारण जेथे त्या टेकतात तेथे ते अंतर असून नसल्यासारखेच. मला या चार बोटांच्या रिकाम्या जागेचे मोल कोणत्याही कुलपापेक्षा अधिक वाटते. छप्पराचा निम्मा भाग गवताने शाकारला की शिक्रा दिसत नाही, आणि वर बसणाऱ्या चिमण्या-कावळ्यांची विष्ठा दाण्यात पडून रोगही येत नाही. कोपऱ्यात गवताच्या उभ्या पेंढ्या ठेवल्या की भ्यालेल्या मुनियेला पुन्हा तळाशी दडता येते. आणि घूस-मुंगसासाठी जमिनीत हातभर पत्रा पुरावा लागतो.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांनी देशी पक्ष्यांच्या व्यापारास मनाई केली, आणि ही मनाई योग्यच होती. मुनियांचे थवे टोपल्यांत कोंबून परदेशी रवाना होत, ते दृश्य कोणासही अभिमानाचे नव्हते. तेव्हापासून पाळणाऱ्यांच्या घरी ऑस्ट्रेलियाच्या मूळची झेब्रा फिंच आणि जपानात पिंजऱ्यातच वाढवून माणसाळवलेली मुनियेचीच एक जात आली. शिक्र्याला मात्र देशी-परदेशी हा भेद ठाऊक नाही, म्हणून जुन्या सावधगिरीतील एकही कलम रद्द झालेले नाही.

या सावधगिरीचा सर्वांत मोलाचा उपयोग आज निराळ्याच ठिकाणी होतो. बाजारातून जप्त केलेल्या मुनियांचे पंख पुष्कळदा कापलेले असतात, साध्या मुनियेला हिरवा रंग फासून दुर्मीळ हिरवी मुनिया म्हणून खपवण्याचाही प्रकार चालतो. कापलेले पीस पुढील पीसबदलापर्यंत तसेच राहते, म्हणून अशा पक्ष्यांना लगेच सोडता येत नाही; त्यांना काही काळ जाळीआड ठेवावे लागते, आणि त्या काळात कापडी छत, गवताची पेंढी आणि चार बोटांचे ते अंतर, हे सर्व पुन्हा लागते, या वेळी पिसे भरून येताच दार उघडण्यासाठी.