दोन सुलट, दोन उलट

१९६२चा नोव्हेंबर. चीनशी युद्ध पेटलेलं, देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्करातही (हे वस्तीचं नाव बरं का, फौज नव्हे!).

आजीनं मला मनगटाची पट्टी दिली: दोन सुलट, दोन उलट. ४० टाके घातले, दुसऱ्याच ओळीला ४७, शिवाय भोकं! शेजारच्या भाभी हसल्या, "फंदे बढ़ गए." उलट टाक्याआधी लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची, मी ती सुईवरून घेत होते, तिथेच टाका वाढायचा.

आजीनं सगळं उसवलं. "पट्टी सैल राहिली तर बाहीत वारा शिरेल गं. तिकडे बर्फ आहे." मग मोजणं सोडून टाका बघायला शिकले: व्हीसारखा दिसला की सुलट, गाठीसारखा दिसला की उलट.

तो स्वेटर लडाखला गेला की नेफाला, कधी कळलं नाही.