पायी मागितलेले दान

नर्मदातीरी राहणाऱ्या आपणां जबलपूरकरांस दीर्घ पदयात्रेचे अप्रूप नाही. ग्वारीघाटावर किंवा तिलवाराघाटावर उभे राहिले की मैयेला उजव्या हाताशी ठेवून चाललेला परिक्रमावासी आजही दृष्टीस पडतो. परंपरेप्रमाणे या परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात आणि तेवढा काळ तो भिक्षेवर वा सदावर्तावर निर्वाह करतो. परंतु त्याचे मागणे त्या दिवसाच्या शिध्यापुरते असते, आणि जोडलेले पुण्य त्याच्या स्वतःच्या पदरी पडते. दुसऱ्यासाठी मागावयाचे आणि त्यापायी देह झिजवीत शेकडो मैल तुडवावयाचे, ही गोष्ट निराळी.

पश्चिमेकडे या कल्पनेला अलीकडे क्रीडेचे रूप आले आहे. पात्रिक बौएर नावाचा एक फ्रेंच तरुण १९८४ साली एकटाच सहारा वाळवंटात सुमारे ३५० किलोमीटर चालला. त्या अनुभवातून १९८६ पासून मोरोक्कोच्या वाळवंटात दरवर्षी सुमारे अडीचशे किलोमीटरांची शर्यत भरू लागली. स्पर्धकाने आपले अन्न आपल्याच पाठीवर वाहावयाचे, पाणी मात्र मोजून मिळावयाचे. यांतील अनेकजण एखाद्या धर्मादाय कार्यासाठी परिचितांकडून देणग्या गोळा करून धावतात. उपक्रम स्तुत्यच आहे. मात्र धावणारा वाळवंटात आणि देणारा आपल्या घरी, अशी येथे फारकत असते.

आपल्याकडे याचक दात्याच्या दारापर्यंत चालत गेला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि त्यासाठी दारोदार हिंडून लहानसहान रकमा जमविल्या. याच परंपरेतील सर्वांत विस्तीर्ण प्रयोगाचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या शेजारच्या सागर गावी घडला, आणि त्याची आठवण आपल्यांपैकी फार थोड्यांना आहे.

आचार्य विनोबा भावे यांचा या भूमीशी संबंध त्याआधीचा होता. गीतेतील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवरील त्यांची प्रवचने १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात झाली. पुढे १९५१ च्या मार्चमध्ये ते पवनारहून हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायीच निघाले. अंतर सुमारे ३०० मैल. संमेलनानंतर तेलंगणात फिरत असता १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे हरिजनांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमिनीची मागणी केली. विनोबांनी ती ग्रामस्थांपुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो हाच. पुढील सुमारे सात आठवड्यांत तेलंगणात १२,००० एकरांहून अधिक जमीन मिळाली.

पंतप्रधान नेहरूंनी नियोजन मंडळाशी चर्चा करण्यासाठी विनोबांना दिल्लीस बोलाविले, तेव्हा त्यांनी पायी येण्याचे ठरविले. वयाचे छप्पन्नावे वर्ष पूर्ण झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबर १९५१ रोजी, त्यांनी पवनार सोडले. प्रकृती तोळामासा, पोटातील व्रणाचा जुना विकार, आहार मुख्यतः दुधादह्याचा. तरीही पहाटेच्या अंधारात निघून रोज दहा-बारा मैल चालावयाचे, मुक्कामी सभा घ्यावयाची आणि दानपत्रे स्वीकारावयाची, हा क्रम चुकला नाही. (त्या काळी वर्धा आणि जबलपूर एकाच मध्य प्रदेशात होते आणि आपली राजधानी नागपूर होती, हे तरुण वाचकांस सांगावे लागते.)

गांधीजयंतीच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, सागर येथे त्यांनी आपले मागणे आकड्यांत मांडले : ५ कोटी एकर. हा आकडा हवेतला नव्हता. देशातील लागवडीयोग्य जमीन ३० कोटी एकर मानली, तर हा तिचा षष्ठांश होतो. तुम्हांस पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असा त्यामागील विचार होता. सागरपूर्वी भूदान ही तेलंगणातील अशांततेवरची एक मात्रा होती. सागरला ती सबंध देशापुढील मागणी झाली, आणि माझ्या मते भूदानाचे खरे नामकरण तेथेच झाले. नोव्हेंबरच्या मध्यास विनोबा राजघाटावर पोहोचले, तोवर दोन महिन्यांत सुमारे ८०० मैल चालून झाले होते आणि अठरा-एकोणीस हजार एकर पदरात पडले होते.

मोटारीतून उतरलेल्या पाहुण्यास जमीनदार हारतुरे देईल, चहा पाजील. परंतु धुळीने माखलेल्या पायांनी दारात आलेला कृश वृद्ध जेव्हा भूमिहीनासाठी हात पसरतो, तेव्हा त्याला रिकाम्या हाती पाठविणे जड जाते. भूदानाच्या यशाचे हे एक साधे कारण होते, आणि दुर्दैवाने त्याच्या अपयशाचेही. लाजेने वा भावनेच्या भरात दिलेले दान पुष्कळदा खडकाळ, जंगलातले, नदीपात्रातले, नाहीतर भावाभावांच्या वादातले निघाले. बिहारात वीस लाखांहून अधिक एकर जाहीर झाले. त्यांतील फार मोठा भाग वाटण्याजोगा नव्हता. सबंध देशाचा आकडा चाळीस लाखांच्या वर गेला, पण ५ कोटींपासून तो दूरच राहिला. म्हणून संपूर्ण प्रयत्न फोल ठरविणाऱ्यांशी माझे जमत नाही. सक्तीवाचून आणि रक्तपातावाचून लाखो एकर हस्तांतरित झाल्याचे दुसरे उदाहरण त्यांनी दाखवावे.

आपल्या राज्याने १९५३ साली भूदान यज्ञाचा कायदा केला, त्यामुळे दानपत्राला कायदेशीर रूप देण्याची सोय झाली. विनोबा १९६४ च्या एप्रिलमध्ये, तेरा वर्षांच्या पदयात्रेनंतर, पवनारला परतले. खेडोपाडीचे काम मात्र उरलेलेच होते. दानपत्रावरचा खसरा क्रमांक खरा आहे का, दात्याचा त्यावर हक्क आहे का, शेत कसण्याजोगे आहे का, हे पाहावयाचे. मग पटवाऱ्याला गाठून जरीब धरून शेत मोजावयाचे आणि भूमिहीनाचे नाव कागदावर चढवावयाचे. त्यासाठी कार्यकर्त्यांना त्याच गावांच्या वाटा पुन्हा तुडवाव्या लागल्या, आणि एकेका शेतापायी अनेकदा.