बॅगेला चाकं लागली तेव्हा

आईची इकडे यायची बॅग भरताय? मसाला, पापड, लोणच्याची बरणी... २३ किलो कधी होतात कळत नाही. पण बॅग ओढायचं हे सुख अलीकडचं. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचं अमेरिकन पेटंट मिळालं १९७२ साली! अरुबाहून कुटुंबासह परतताना दोन जड सुटकेस उचलून ते दमले होते. दुकानदार आधी नाहीच म्हणाले. पुरुषमाणूस बॅग ओढेल? (उचलून कंबर धरली तरी चालेल!) ती बॅग आडवी, पट्ट्याने ओढायची, डगमगायची. उभी, लांब दांड्याची बॅग १९८७ मध्ये वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी काढली. म्हणून तर आज सत्तरीची आई एकटी येते. तेव्हा बरणी तळाशी, चाकांजवळ ठेवा. वर ठेवलीत तर हात सोडताच बॅग आडवी होईल, आणि उचलायला आईच असेल.