जुन्या खिडकीतली मराठी

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी ही संगणकप्रणाली बाजारात आणली. जानेवारी २००७ मध्ये तिची वारसदार व्हिस्टा आली; पण लोक एक्सपी सोडीनात. व्हिस्टाला जास्त ताकदीचा संगणक लागे आणि कितीतरी जुने प्रिंटर तिच्याशी जुळत नसत. ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने एक्सपीची देखभाल थांबवली, तरी ती अनेक टेबलांवर चालूच राहिली. याला आपण चटकन आळस म्हणतो. मला ते पटत नाही.

आपल्या मराठी छपाईचेच पाहा. नव्वदच्या दशकात श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमुळे अक्षरजुळणी संगणकावर आली. त्यातली युक्ती अशी, की संगणक साठवून ठेवी इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि पडद्यावर त्या जागी दाखवी देवनागरीचे तुकडे. प्रत्येकाचे क्रमांक निराळे. तो फॉन्ट नसला, की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पसारा! पाने लावायची पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. शिवाय सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून संगणकाला लावायचा डोंगल. अशा माणसाने प्रणाली बदलायची म्हणजे अख्खे बिऱ्हाड हलवायचे. माझ्या कवितांची पानेही अशाच यंत्रांवर लागली आहेत. ते यंत्र जपणाऱ्याला मी हट्टी कसा म्हणू?

पण जपण्याचीही किंमत असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने दीडशेच्या वर देशांतले संगणक ओलीस धरले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द झाल्या. तडाखा बसलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, आणि त्यांच्यासाठीचा उपाय मार्चमध्येच आला होता; तो बसवलेला नव्हता. एक्सपीसाठी मात्र कंपनीने हल्ल्यानंतर घाईने उपाय दिला. बंद पडलेल्या प्रणालीला असा आधार दर वेळी मिळेलच असे नाही.

गंमत अशी, की देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड एक्सपीतही होते. नवी वाट जुन्या घरातूनच निघत होती. अडून राहिले ते आधीचे लेखन. म्हणून यंत्र बदला, असे सांगण्याआधी त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे कष्ट कोणी तरी घेतले पाहिजेत. नाहीतर यंत्र ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी आपलीच मराठी आपल्याला वाचता येणार नाही.