घरोट, धाबे आणि चूल

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या तापीखोऱ्यातल्या गावाचा इतिहास लिहायचा तर पुरावे कोणते घ्यायचे? महसुली दप्तरात जमीन सापडते, पीक सापडते, १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाच्या नोंदीही सापडतात. घर मात्र क्वचितच सापडते. दळण कोणाच्या बळावर होत होते, चुलीत काय जळत होते, वैशाखातल्या रात्री माणसे कुठे निजत होती, हे दप्तराने विचारलेच नाही. त्यासाठी भाषेकडे वळावे लागते, आणि म्हणूनच हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे असे आम्हांस वाटते.

पहिला पुरावा जात्याचा. खानदेशात त्यास घरोट म्हणतात. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची घरोटावर स्वतंत्र कविता आहे. साने गुरुजी खानदेशातच, अमळनेरला, शिक्षक होते. 'स्त्री जीवन' या ग्रंथात त्यांनी बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. या साऱ्या वाङ्मयामागे एक साधे वास्तव आहे. ज्या काळी घरात दुसरी कोणतीही शक्ती नव्हती, त्या काळी बाईचा दंड हीच घराची ऊर्जा होती. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. आधी तेलाच्या इंजिनावर, मग विजेवर. पहाटेचे दळण थांबले आणि ओवीचे निमित्तच गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या हा आवाज विरत असताना. ओवी संपली म्हणून आपण हळहळतो, ते योग्यच. पण ती हळहळ बहुधा दळावे न लागलेल्यांची असते, हेही विसरू नये.

दुसरा पुरावा छपराचा. खानदेशातील जुनी घरे धाब्याची. लाकडी सरे, त्यांवर काटक्याकुटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्याही वर चढतो. मातीचा तो थर दिवसाची आग वरच अडवी. रात्री त्याच धाब्यावर अंथरुणे पडत. शेजारपाजारच्या गप्पा, म्हाताऱ्यांच्या कहाण्या, अहिराणीतली गाणी यांचे ते व्यासपीठ होते. पण मातीला दर पावसाळ्यापूर्वी डागडुजी लागे, लाकूडही महाग होत गेले. पत्रा आला, सिमेंटचा स्लॅब आला. गळती थांबली, उकाडा मात्र घरात शिरला. पंखा आणि कूलर ही मग चैन राहिली नाही. २००५ च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे, तेव्हा पत्र्याखालच्या घराने काय भोगले असेल, याची कल्पना धाब्यावर निजलेल्या पिढीलाच यावी.

तिसरा पुरावा चुलीचा. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या हे इथले सरपण. मृगापूर्वी ते कोरड्या जागी रचून ठेवले नाही, तर चार महिने ओल्या काड्यांचा धूर गिळावा लागे. घराचे पंचांग असे आभाळाशी बांधलेले होते. बिबडे आणि पापड वाळवायचे तेही उन्हाच्याच भरवशावर. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी हे त्याच सूर्यशक्तीचे मोठे रूप. अवकाळी सरीने पथारीवरची मिरची भिजली, की अनेक घरांची मजुरी थांबते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर गरीब घरांपर्यंत पोचला. तरीही आखाजीला खापरावरचे मांडे करायचे तर लाकडाचा जाळ लागतोच. आणि सिलिंडर पुन्हा भरण्याइतके पैसे हाती नसले, की रोजच्या भाकरीलाही तीच चूल पेटते. पहिली चूल हौसेची, दुसरी नाइलाजाची. दोहोंचा धूर सारखाच दिसतो, म्हणून बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही.

मग निवड कोणाची, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याने दिले आहे. सातपुड्यातील बिलगावात २००३ मध्ये ग्रामस्थांनी श्रमदान करून ओढ्याच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभारला. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटातील वीजनिर्मितीमागे याच गावाची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. पडद्यावरचा दिवा अजून लागतो. बिलगावचा प्रकल्प मात्र सरदार सरोवराचे पाणी चढले तसे २००६ च्या पावसाळ्यात बुडाला. दूरच्या वीजेसाठी बांधलेल्या धरणाने घरची वीज गिळली.

घरोट गेला तेव्हा बाईला विचारून गेला नाही. पण तिच्या खांद्यावरचा भार उतरवून गेला. बिलगावचा दिवा गेला तेव्हा भार उतरला नाही, अंधारच परतला. प्रगतीचा इतिहास लिहिताना या दोन जाण्यांतील अंतर मोजले पाहिजे. ओव्या शिकवताना वर्गात घरोटाचा अर्थ सांगितला जातो. त्याच तासाला तो कोणाच्या बळावर फिरत होता हेही सांगितले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.