आभाळ कुठलं?

खारदांड्यात बोलायचं, तर आधी इथेच केलेल्या एका चुकीची कबुली देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही या किनाऱ्याचा फोटो काढला. ओहोटी, काळे खडक, लांबवर चार होड्या. आभाळ मात्र कोरं, पांढरट. घरी कॉम्प्युटरवर दुसऱ्या एका फोटोतले आषाढातले ढग उचलून त्यावर चढवले. तीन संध्याकाळी खपलो, बरं का! कडा जुळवल्या, पाण्यावरचा उजेडसुद्धा ढगांना शोभेल इतका उतरवला. प्रिंट इथल्या एका वयस्कर कोळीदादांना दाखवली. त्यांनी जेमतेम पाहिली आणि विचारलं, "सर, असल्या आभाळात होरी कोण काढतो?"

खरंच आहे. आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा, मग समुद्र. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असंही नाही.

हा आभाळाचा घोळ जुना आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये कोलोडियनची रीत जाहीर केली. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. पण ती काच निळ्या उजेडाला फार लवकर भुले. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ जळून कोरं होई. 1856-57 च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी तोड काढली: समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी, आणि क्षितिजावर सांधा. त्यांच्या काही चित्रांत तर तेच ढग वेगवेगळ्या समुद्रांवर दिसतात!

आपली मुंबई मागे नव्हती. 1854 मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली; भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले, 1863 आणि 1866 मध्ये. त्यात माणसं एका फोटोतली, मागचा देखावा दुसऱ्या. काम किती नाजूक असेल! पण लंडनच्या वाचकाला वाटणार, ही मंडळी तिथेच उभी होती.

म्हणजे कष्ट आणि सबुरी या दोन गोष्टी झाल्या. आमच्या तीन संध्याकाळींत कष्ट होते, सबुरी नव्हती.

अॅन्सेल अॅडम्स यांचं पाहा. 1 नोव्हेंबर 1941, न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव, वर चंद्र. उजेड मोजायचं यंत्र सापडेना. चंद्राची प्रखरता पाठ होती, त्यावर फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. निगेटिव्हचा खालचा भाग फिका आला, तो 1948 मध्ये रसायनांनी गडद केला. पुढे कित्येक वर्षं ते त्याच्या प्रिंट काढत राहिले, आणि आभाळ काळं काळं होत गेलं. आता तुम्ही म्हणाल, आभाळ त्यांनीही बदललंच की! बदललं. वादाला जागा आहे. पण दर खेपेला ते त्याच संध्याकाळकडे परत गेले. आम्ही आमची संध्याकाळ अर्ध्या तासात नापास केली होती.

मूळ फोटो मग वर्षभर तसाच ठेवला. पुन्हा उघडला तेव्हा त्या पांढऱ्या आभाळात, अगदी खाली, किंचित पिवळसर पट्टा दिसला. उकाड्यातली धूळ ती, मे महिन्यातली. तेवढाच हलक्या हाताने वर आणला. ही प्रिंट दादांनी ठेवून घेतली, आणि त्या चारांतली एक होडी कोणाची, तेही सांगितलं.